बर्फातले शिखर, स्नोशू आणि सह्याद्रीत तयार झालेले पाय

नाशिकच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. ते चौघे मित्र आहेत, सगळे पंचविशी-तिशीतले. कळसूबाई, साल्हेर, हरिहर, अलंग-मदन-कुलंग हे सारे त्यांनी केलेले आहे. जानेवारीच्या अखेरीस उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठ्याच्या शिखरावर जाण्याचा त्यांचा बेत आहे. त्या दिवसांत तिथे गुडघाभर बर्फ असतो असे कळल्यामुळे त्यांनी विचारले आहे की, स्नोशू, म्हणजे खोल बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, विकत घ्यावेत का, घ्यायचे तर कोणते घ्यावेत, आणि बर्फ कधी न पाहिलेल्या माणसाने नाशिकमध्ये राहून त्यांचा सराव कसा करावा.

मी नाशिकचाच आहे आणि गेली अनेक वर्षे हिवाळ्यात गढवालमध्ये लहान गट घेऊन जातो. चांगले स्नोशू स्वस्त नसतात, म्हणून खर्चाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. सांक्री या पायथ्याच्या गावाहून जुडा का तालाब या तळ्यावरून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेने जाणार असाल, तर ते विकत घेऊ नका. त्या वाटेवर हिवाळाभर इतकी माणसे चालतात की बर्फ दाबला जाऊन त्याचा घट्ट पट्टा तयार होतो. अशा पट्ट्यावर मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर रबरी पट्ट्याने चढवायचे साखळीचे दात, जास्त उपयोगी पडतात. मायक्रोस्पाइक, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे वेष्टन) आणि काठ्या सांक्रीत भाड्याने मिळतात. स्नोशू मात्र तिथे मिळतीलच असे गृहीत धरू नका. तुम्ही पोचण्याच्या आदल्या रात्री दोन-तीन फूट ताजा बर्फ पडला, किंवा गर्दी टाळण्यासाठी तुम्ही गैचवान गावाकडच्या कमी वर्दळीच्या वाटेने जायचे ठरवले, तर हे उत्तर पूर्ण बदलते. तेव्हा स्नोशूशिवाय चालणे म्हणजे प्रत्येक पावलाला मांडीपर्यंत रुतणे आणि तासाभरात दमून बसणे असे होते. म्हणून स्नोशू का चालतात आणि कुठे चालत नाहीत, हे समजून घेतले म्हणजे तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

त्यांचे काम एवढेच की तुमचे वजन जास्त जागेवर पसरवायचे. इगतपुरीकडे भातखाचराच्या चिखलात फळी टाकून तिच्यावर उभे राहिले म्हणजे माणूस रुतत नाही, तसेच हे आहे. पासष्ट किलोचा माणूस आणि दहा किलोची सॅक धरली, तर एका बुटाच्या सुमारे २५० चौरस सेंटिमीटर तळव्यावर ७५ किलो भार येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. पंचवीस इंच लांब आणि आठ इंच रुंद स्नोशूची प्रत्यक्ष टेकणारी जागा हजार-अकराशे चौरस सेंटिमीटर असते, त्यामुळे तोच भार साधारण पाव हिश्श्यावर येतो. तरीही भुसभुशीत ताज्या बर्फात तुम्ही वीतभर रुतताच. पूर्ण वर तरंगत चालण्याची अपेक्षा ठेवणारे लोक पहिल्या अर्ध्या तासातच निराश होतात, आणि मग घाईने पावले टाकून स्वतःच्याच चौकटीवर पाय देऊन पडतात.

आता त्यांच्या मर्यादा. स्नोशू मोकळ्या, सौम्य ते मध्यम उताराच्या खोल बर्फासाठी आहेत. उताराला आडवे जायचे असेल तर रुंद चौकट एका कडेवर तिरकी होते, घोटा वळतो आणि पाय घसरतो. कडक गोठलेल्या उभ्या उतारावर त्यांच्या पुढच्या दातांची पकड अपुरी पडते. तिथे मायक्रोस्पाइक किंवा त्याहून उभे असेल तर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे लांब धातूचे दात, लागतात. शिवाय एकाच शिखराच्या वाटेवर एकाच दिवसात बर्फाची वेगवेगळी रूपे भेटतात. केदारकंठ्याला लोक पहाटे तीनच्या सुमारास शिखराखालच्या मुक्कामावरून निघतात. तेव्हा आदल्या दिवशी उन्हाने मऊ झालेला बर्फ रात्रभर गोठून त्याचा कडक पापुद्रा बनलेला असतो आणि तो माणसाचे वजन पेलतो. सूर्य सातच्या सुमारास वर येतो. दहा-अकरानंतर दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर हाच पापुद्रा नरम पडतो आणि पाय रुतू लागतात. त्यामुळे अनेकदा चढताना मायक्रोस्पाइक आणि उतरताना स्नोशू असा क्रम योग्य ठरतो, आणि चढताना स्नोशू पाठीवर बांधून न्यावे लागतात. दोन किलोंच्या आसपासचे ते ओझे शिखरापर्यंत वाहायला तुम्ही तयार नसाल, तर विकत घेण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

घ्यायचेच ठरले तर माप उंचीवरून ठरवू नका. कपडे, बूट आणि भरलेली सॅक यांच्यासह तुमच्या वजनावरून ठरवा. ऐंशी किलोंच्या आत बावीस ते पंचवीस इंच पुरतात, त्याहून जड असाल तर तीस इंचांकडे जावे लागते. फार मोठे घेण्याचा मोह टाळा, कारण झाडीत वळताना तेच अडतात. बांधणीचे पट्टे जाड हातमोजे घालूनही ओढता आले पाहिजेत. टाचेखाली उभी करता येणारी लहान कमान असेल तर लांब चढणीवर पोटऱ्यांना मोठा आराम मिळतो. काठ्यांच्या टोकांना रुंद चकत्या लावून घ्या, नाहीतर काठी मुठीपर्यंत बर्फात जाते. चालण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच सांगतो की पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकावेत, चढताना बोटांकडचे दात बर्फात रोवून मग वजन टाकावे, उतरताना गुडघे किंचित वाकवून वजन टाचांकडे ठेवावे, आणि मागे पावले टाकत सरकण्याचा प्रयत्न कधीही करू नये. वळायचे असेल तर मोठे वर्तुळ घ्यावे. देवदार आणि बांज (ओक) यांच्या बुंध्यांभोवती बर्फाखाली पोकळी राहते, म्हणून झाडाला खेटून जाऊ नका.

इथवर जे लिहिले ते तुम्ही विचारले होते. तुमच्या वर्णनावरून मला दिसणारी खरी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती तुमच्या दणकट पायांतून येते. सह्याद्रीत तयार झालेला माणूस चढताना जोर लावतो, घामाने निथळतो, माथ्यावर वाऱ्याला उभा राहून अंग सुकवतो आणि मग जेवायला बसतो. आपल्या हवेत यात काहीच चूक नाही. डिसेंबरातही कळसूबाईच्या माथ्यावर ओला शर्ट घालून तासभर काढता येतो. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे आणि केदारकंठ्याचे शिखर ३८१० मीटरवर; निव्वळ या फरकामुळे वीस-एकवीस अंश कमी होतात, त्यात आपल्यापेक्षा दहा-अकरा अंश उत्तरेचे अक्षांश आणि पहाटेची वेळ मिळवा. तिथे उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे वीस अंशांइतकी लागते. अशा जागी ओल्या पाठीने थांबलेला माणूस वीस मिनिटांत कुडकुडू लागतो, आणि ज्याला कुडकुडणे थांबवता येत नाही त्याचे निर्णय बिघडू लागतात. मी पाहिलेल्या हिवाळी चढाईंत गडबडलेले लोक बहुतेक वेळा गटातले सर्वांत कणखर होते. ते पुढे गेले, घामेजले आणि मागच्यांची वाट पाहत वाऱ्यात उभे राहिले.

म्हणून माझ्या गटातला पहिला नियम असा की चढताना घाम फुटता कामा नये. निघताना किंचित थंडी वाजत असली पाहिजे. मुक्कामावरून उबदार होऊन निघालेला माणूस दहा मिनिटांत कपडे काढायला थांबतो. चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि वारा असेल तर वारारोधक जॅकेट एवढ्यावरच चढावे; पिसांचे जाड जॅकेट सॅकमध्ये सर्वांत वर ठेवावे आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगात घालावे. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स पूर्णपणे वर्ज्य. सूत पाणी शोषते, लवकर सुकत नाही आणि ओले झाले की ऊब राखत नाही. ज्याला घाम जास्त येतो त्याने अंगाजवळचा एक कोरडा थर जादा घ्यावा आणि माथ्याच्या थोडे आधी, आडोसा पाहून, तो बदलून घ्यावा. हा सल्ला अनेकांना अतिरेकी वाटतो, पण त्या पाच मिनिटांच्या गैरसोयीने पुढचे दोन तास सुखाचे जातात.

हातापायांची बोटे हा याचाच पुढचा भाग आहे. बुटात दोन जाड मोजे कोंबून तो घट्ट केला की रक्ताभिसरण कमी होते आणि पाय अधिकच गार पडतो. म्हणून बूट मोज्यांसह घालून पाहून अर्धे माप मोठा घ्यावा आणि आत बोटे हलतात याची खात्री करावी. हातात पातळ मोजा आणि त्यावर बोटे एकत्र राहणारा जाड मोजा, अशी जोडी सर्वांत उपयोगी. फोटो काढण्यासाठी दोन्ही काढले की पुन्हा ऊब यायला फार वेळ लागतो. बोट पांढरे आणि बधिर झाले तर ते काखेत किंवा सोबत्याच्या पोटाशी धरून गरम करावे. त्याला बर्फाने चोळू नये, शेकोटीजवळ नेऊ नये. डोळ्यांसाठी गडद, बाजूंनी झाकलेला चष्मा हवाच. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, आणि ढगाळ दिवशीही हिमांधत्व येते.

उंचीबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, तरी लिहितो. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर; विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरनंतर सुरू होतो, म्हणजे तुमच्यापैकी कोणाच्याही शरीराची ही परीक्षा अजून झालेली नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण चौसष्ट टक्के असतो. ठरलेला मार्ग सांक्री सुमारे १९५० मीटर, जुडा का तालाब सुमारे २७७० आणि शिखराखालचा मुक्काम सुमारे ३४३० असा आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे, आणि शेवटची उडी तो ओलांडते. देहरादूनही नाशिकच्याच उंचीचे असल्यामुळे वाटेत शरीराला सवय होण्याची संधी मिळत नाही. तिथून सांक्री सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे गाडीत आख्खा दिवस जातो. वेळ असेल तर जुडा का तालाबजवळ एक रात्र जास्त काढा आणि त्या मोकळ्या दिवशी थोडे वर जाऊन परत या. रजा वाचवण्यासाठी हा दिवस कापण्याचा आग्रह कोणी केला तर ऐकू नका. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसे होणे ही लक्षणे असताना वर जायचे नाही. तोल जाणे, बडबड विसंगत होणे किंवा बसूनही धाप लागणे दिसले, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. परंतु ती गोळी घेतली म्हणून घाई करण्याची मुभा मिळत नाही.

आता वेळेचा हिशोब करू. शिखराखालच्या मुक्कामापासून माथा उंचीने सुमारे ३८० मीटर वर आहे. बारीपासून कळसूबाईचा चढ साधारण आठशे मीटरचा आहे, म्हणजे हा त्याच्या निम्म्याहून कमी. नेस्मिथच्या जुन्या नियमाने, पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास धरून, दीड तासाच्या आत माथा गाठता यायला हवा. प्रत्यक्षात तीन ते चार तास लागतात, आणि ताज्या बर्फात वाट पाडत जायचे असेल तर त्याहून अधिक. पुढच्या माणसाचे श्रम मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून चौघांनी दर दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदलावी. पुढचा बाजूला सरकेल आणि रांगेच्या शेवटी येऊन उभा राहील. जो सर्वांत ताकदवान आहे त्याने तासभर एकट्याने वाट पाडायची, ही हौस गटाला महागात पडते. तोच माणूस परतीच्या वेळी इतरांना आधार देण्याच्या स्थितीत असायला हवा.

परत फिरण्याची वेळ निघण्याआधी ठरवायची. माझ्या गटात ती बहुतेक वेळा सकाळी दहाची असते, आणि मी ती काठीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहितो, म्हणजे वर गेल्यावर तिच्याबद्दल चर्चा होत नाही. दहा का, तर त्यानंतर उतारावरचा बर्फ नरम पडतो, दुपारकडे ढग आणि वारा येण्याची शक्यता वाढते, आणि जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घोटा मुरगळलेल्या माणसाला घेऊन उतरायला उजेडाचे सगळे तास लागतात. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी ही वेळ पाळायची. शिवाय चौघांपैकी कोणीही, कारण न सांगता, आज पुरे असे म्हणू शकला पाहिजे आणि त्यावर इतरांनी वाद घालता कामा नये. हे नाशिकमध्ये चहा पिताना बोलून ठेवा, कारण वर गेल्यावर, थकलेल्या आणि गारठलेल्या अवस्थेत, मैत्रीच्या भिडेपायी माणसे गप्प राहतात. वाटाड्या स्थानिक घ्या, आणि त्याने परत फिरू म्हटले तर तो शब्द अखेरचा माना. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीजवळ सहस्रताल परिसरात बावीस जणांचा गट हिमवादळात सापडला आणि नऊ जण दगावले; तो तर उन्हाळ्याचा हंगाम होता. तिथे वाऱ्यात उघड्यावर अडकून पडणे किती लवकर जिवावर बेतते, हे त्यावरून कळावे.

हिमस्खलनाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सह्याद्रीत त्याचा अनुभव मिळण्याचा प्रश्नच येत नाही आणि स्नोशू पायात असले की माणूस वाट सोडून मोकळ्या उतारावर जायला धजावतो. बहुतेक धोकादायक स्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकतो, त्याहून उभ्यावर तो साचत नाही. फोनमधल्या कोनमापकाने, काठी उतारावर टेकवून, हा कोन मोजता येतो आणि नजरेचा अंदाज किती चुकतो हे पहिल्याच मोजणीत कळते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडलेला पातळ थर कडाक्याच्या थंडीत आतून बदलतो आणि त्याचे साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण बनतात. जानेवारीत पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेबरोबर, जाड बर्फ त्यावर येऊन पडतो. वरचा थर एकसंध आणि खालचा भुसभुशीत, अशा स्थितीत एका माणसाचे वजनही ती लादी सोडवायला पुरते. वारा हाच थर धारेच्या आडोशाच्या बाजूला नेऊन आणखी जाड करतो, आणि धारेच्या कडेवर पुढे झुकलेले छत तयार होते. त्याच्यावर उभे राहून फोटो काढण्याची जागा निवडू नका.

तुमच्यासाठी यातून निघणारे नियम थोडे आहेत. जोरदार बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस उभ्या मोकळ्या उतारांवर जाऊ नये. आकाश निवळून ऊन पडले की लोकांना तो दिवस सर्वांत चांगला वाटतो, परंतु नव्या बर्फावरचे पहिले ऊन हीच फार धोक्याची वेळ आहे. चालताना पायांखाली बर्फ धप्पकन खचल्याचा आवाज आला किंवा पुढे तडे पळताना दिसले, तर आल्या वाटेने परत फिरावे. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे पाहत राहावे. केदारकंठ्याची नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून जाते, म्हणून ती तुलनेने सुरक्षित मानली जाते. ती सोडून जाणार असाल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा दाखवणारे रेडिओ यंत्र), शोधसळई आणि फावडे असणे आणि ते वापरता येणे आवश्यक आहे, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच खरी आशा असते आणि तेवढ्या वेळात बाहेरून मदत येऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या प्रशिक्षणार्थींची आणि प्रशिक्षकांची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडली होती. शिकलेल्या लोकांवरही ही वेळ येते. निघण्याआधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचे हिमस्खलनाचे इशारे आणि हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचा अंदाज रोज पाहा, आणि तारखांत दोन दिवसांची मोकळीक ठेवा. परतीचे तिकीट घट्ट असलेला गट वाईट हवामानातही वर जातो, हे मी वारंवार पाहिले आहे.

नाशिकमधल्या सरावाबद्दल. बर्फ नसला तरी तुम्हाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी इथे शिकता येतात. आठवड्यातून दोनदा दहा किलोंची सॅक घेऊन पांडवलेण्याच्या पायऱ्या चढा-उतरा, पण घड्याळ लावून विक्रम करण्यासाठी नको. डिसेंबरातल्या पहाटे अंजनेरीला किंवा ब्रह्मगिरीला जा, ठरवून हळू चढा, आणि चाळीस मिनिटांनी हात घालून पाठ कोरडी आहे का ते पाहा. ओली असेल तर वेग कमी करा किंवा एक थर उतरवा, आणि पुढच्या वेळी पुन्हा पाहा. हा सराव वरवर क्षुल्लक वाटतो, पण वेगवान माणसाला तो सर्वांत अवघड जातो आणि मी तोच सर्वाधिक करून घेतो. पाय उचलून टाकण्याची सवय होण्यासाठी नुकत्याच नांगरलेल्या रानातून, मालकाला विचारून, तासभर चाला; मांडीच्या पुढच्या आणि कमरेच्या ज्या स्नायूंना डोंगरात काम पडत नाही, ते दुसऱ्या दिवशी दुखतात आणि तेच स्नोशूला लागतात. निफाडला काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा एखाद्या पहाटे उघड्या माळावर जाऊन, हेडटॉर्चच्या उजेडात, जाड हातमोजे न काढता स्पाइक चढवणे, गेटर बांधणे, सॅकची चेन उघडून जॅकेट काढणे आणि पाणी पिणे एवढे करून पाहा. जे काम मोजे काढल्याशिवाय जमत नाही, त्याच्या चेनीला दोरीचा फास लावा किंवा ती वस्तू बदला.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो. नळीने पाणी पिण्याच्या पिशव्या गोठतात, म्हणून रुंद तोंडाची बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि झाकण मोकळे राहते. एका थर्मासमध्ये गरम, गोड पेय हवे. खाणे खिशात ठेवावे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे तोंडात टाकावे. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि आपल्याकडचे बेदाणे थंडीत दगड होत नाहीत. चॉकलेटच्या जाड वड्या आणि कडक चिक्की मात्र दाताला भारी पडतात. दारू आणि सिगारेट मुक्कामावरही नको.

यानंतर वाट न पडलेल्या बर्फात, मोकळ्या उतारांवर जाण्याची इच्छा असेल, तर एका मोसमात केदारकंठा करून थेट तिकडे वळू नका. नेहरू इन्स्टिट्यूट किंवा मनाली, दार्जिलिंग, पहलगाम इथल्या संस्थांतला सुमारे चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम करा. घसरताना बर्फकुऱ्हाडीने स्वतःला थांबवणे पुस्तकातून येत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आलेल्या नाहीत: कोणत्या वाटेने जाणार, चौघांची सॅकसह वजने किती, आणि परतीच्या तारखा सैल आहेत का. वाट नेहमीची असेल आणि तारखा सैल असतील तर मायक्रोस्पाइक, गेटर आणि काठ्या भाड्याने घेऊन निघा, स्नोशू विसरून जा. वाट दुसरी असेल तर वजने कळवा, म्हणजे प्रत्येकाचे माप सांगतो. चारही जोड्या एकाच मापाच्या घेऊ नका. आणि कोणाला दम्याचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा जुना त्रास असेल, तर सामानाच्या खरेदीआधी त्याने डॉक्टरांना भेटून यावे.